तिसऱ्या मशीनची वायर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिचा माझ्याबद्दल कायमचा शेरा असा, की ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. हॉटेलात भजी खाल्ली तरी मी घरी येऊन सांगायचो. पण ही एक गोष्ट पोटात राहिली. चाळीसच्या वर वर्षं राहिली. तुम्ही समोर बसलाय असं धरतो आणि बोलतो. मधेच थांबलो तर थांबू द्या, मला हे एका दमात सांगता यायचं नाही.

मी वायरमन. सोलापुरात, पूर्व भागात, चादरी आणि टॉवेल विणायच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो. सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं वय तिशीच्या आत, आणि अंगात मस्ती त्याहून जास्त. लायसन होतं, हात चांगला होता, आणि आपल्याइतकं वीज कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत लक्षात ठेवा. पुढं लागेल.

कारखान्यात एक कांडी खातं होतं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची छोटी नळी. ती भरायची मशीनं सहा, त्यांना लहान मोटारी, आणि प्रत्येक मशीनपुढं एक बाई. तिसऱ्या मशीनवर नरसव्वा बसायची. पद्मशाली समाजातली, घरी तेलुगू बोलणारी, चाळिशीची, ठेंगणी बाई. सूत तुटलं की न बघता गाठ मारायची. बोटं दिसायची नाहीत, एवढी भराभर. मला ‘अण्णा’ म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान होतो – पण ज्याला वीज कळते तो मोठाच की, असा तिचा हिशोब.

मालक एकदा पुण्याला प्रदर्शनाला गेले आणि येताना एक डबा घेऊन आले. त्याला आम्ही तेव्हा ईएलसीबी म्हणायचो. आता आरसीसीबी म्हणतात आणि घरोघरी असतो. तेव्हा सोलापुरात तो कितीजणांनी पाहिला होता? मी तर नुसतं कागदावर वाचलं होतं. पण मालकांनी विचारलं, “हे कळतं का रे तुला?” तेव्हा मी म्हणालो, “त्यात काय, मालक!” आणि रात्रभर बसून त्याच्याबरोबरचा इंग्रजी कागद लावला.

डबा करतो काय, ते सांगतो. ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. फ्यूज सगळ्यांना माहीत असतो. पण फ्यूज माणसासाठी नसतोच. तो वायर जळू नये म्हणून. करंट फार वाढला तर तो उडतो. माणूस जायला मात्र झिरोचा दिवा लागतो तेवढा करंटसुद्धा पुरतो – तेवढ्यानं फ्यूजला जागसुद्धा येत नाही. हा डबा वेगळं बघतो. एका वायरीनं जेवढा करंट आत गेला, तेवढाच दुसरीनं परत आला का, एवढंच तो बघतो. गेटवरच्या वॉचमनसारखा. दहा बाया आत गेल्या, नऊच बाहेर आल्या, तर एक गेली कुठं? करंट कमी परत आला, म्हणजे थोडा कुठंतरी गळला. मशीनच्या लोखंडात, ओल्या फरशीत, नाहीतर एखाद्याच्या अंगातून जमिनीत. तो फरक दिसला की डब्याचा दांडा पडतो – टक् – आणि लाइट बंद. पापणी लवायच्या आत.

डबा मी कांडी खात्यावर बसवला. नारळ फुटला. डब्यावर एक बारीक बटण होतं, दाबलं की दांडा पडायचा. डबा चालू आहे की नाही ते बघण्यासाठी. मालकांकडं पाव्हणे आले की मला बोलावणं यायचं. मी हात पुसत पुसत जायचो, बटण दाबायचो, टक्! पाव्हणे “अरे वा” म्हणायचे. मला तेव्हा काय वाटायचं म्हणता? मीच तो डबा जन्माला घातलाय असं वाटायचं.

आणि मग उन्हाळा लागला.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. हवा कोरडी झाली की सूत पटापटा तुटतं, म्हणून शेडमध्ये फरशीवर पाणी मारायची पद्धत. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा. बादल्या भरून विहिरीवरून आणायच्या आणि मशीनच्या पायापर्यंत सगळं ओलं करायचं. त्या ओल्या फरशीवर बाया अनवाणी बसायच्या. मशीनपुढं चप्पल घालून बसायचं नाही, हा तिथला रिवाज. मशीन म्हणजे लक्ष्मी. चपला दाराबाहेर.

पाणी मारलं की डबा पडायला लागला. दांडा वर करावा, दहा मिनिटं चालावं, टक्. परत वर करावा, टक्. कांड्या थांबल्या की पलीकडं माग थांबायचे, आणि विणकरांची मजुरी नगावर. मग ऐका त्यांची बोलणी! “वायरमन, तुमचा डबा काय लाजाळूचं झाड हाय व्हय?” “नवऱ्या मुलीसारखा रुसतो की वो!” सगळी शेड हसायची. मीही हसायचो, पण आतून जळायचो. तापट माणूस मी. चेष्टा करायला मला आवडते, झालेली सोसत नाही.

गुरप्पा तेवढा हसला नाही. गुरप्पा म्हणजे आमचा जॉबर – बिघडलेलं मशीन जुळवून द्यायचं काम त्याच्याकडं. अक्कलकोटकडचा, लिंगायत, कपाळाला भस्म. माझ्याशी मराठी, मशीनशी कानडी. त्यानं दोन दिवस एकेक मशीन बंद ठेवून पाहिलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं आला.

“वायरमन, डब्याचा दोष न्हाय. तिसरं मशीन बंद ठिवलं की डबा पडत न्हाय. त्येची मोटार गळतीय. उतरवून भरायला द्या की.”

हे पहिल्यांदा.

डबा खरं बोलत होता – कळलं ना तुम्हाला? सगळी शेड ज्याला रुसका म्हणत होती तो रोज चाळीस वेळा एकच गोष्ट सांगत होता, की इथं करंट गळतोय. आणि गुरप्पाला, ज्याला ईएलसीबी ही इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, त्याला ते ऐकू आलं. मला नाही आलं. की आलं होतं? आलं होतं. मला राग कशाचा आला, तर गुरप्पानं शोधून काढलं ह्याचा. “बघतो” म्हणालो.

मोटार उतरवून तिचं वायंडिंग नव्यानं भरायचं म्हणजे दोन दिवस मशीन बंद, मालकांना कारण सांगणं आलं, आणि सगळ्यांना कळलं असतं की वायरमनला सापडलं नाही ते जॉबरला सापडलं. म्हणून मी दुसरं केलं. संध्याकाळी शेड सुटल्यावर तिसऱ्या मशीनच्या दोन्ही वायरी डब्याच्या खालून सोडवल्या आणि डब्याच्या वर, मेन स्विचच्या बाजूला जोडल्या. पाच मिनिटांचं काम. वायरी लाकडी पट्टीच्या आतून गेलेल्या, बाहेरून काही दिसायचं नाही. आता पाच मशीनं डब्याच्या नजरेत, आणि तिसरं नजरेबाहेर. त्या मशीनला करंट किती गेला, किती परत आला, बघणारं कुणी नाही.

मला कुणी हे कर म्हणालं नव्हतं. मालकांना पत्ताही नव्हता. मनात म्हणालो, चार दिवसांत मोटार भरून आणू आणि वायर परत लावू. चार दिवस गेले, महिना गेला. दुसऱ्या दिवसापासून डबा पडायचा थांबला होता ना. “वायरमननं डबा वठणीवर आणला,” असं विणकर म्हणायला लागले. कुणीतरी चहा पाजला. मी प्यायलो.

आणखी एक सांगायचं राहिलं. गळलेला करंट जमिनीत न्यायला मशीनच्या लोखंडाला अर्थिंगची तार असते. ती जाते शेडमागच्या खड्ड्यात, मीठ-कोळशाच्या. खड्डा ओला ठेवावा लागतो, नाहीतर तार असून नसल्यासारखी. ते पाणी घालायचं काम माझं. बाया रोज दोनदा बादल्या घेऊन त्या खड्ड्यावरून जायच्या. एक बादली तिथं ओत, एवढं म्हणायचं होतं. त्या उन्हाळ्यात मी एकदाही म्हणालो नाही.

पंधरा-वीस दिवसांनी गुरप्पा परत आला. म्हणाला, नरसव्वाच्या हाताला मुंग्या येतात, मशीनला हात लावला की झिणझिण होतं म्हणती. मोटार भरायला कधी धाडताय? हे दुसऱ्यांदा. मी म्हणालो, “तिला सांगा, चप्पल घालून बस म्हणावं.” त्यानं खरंच जाऊन सांगितलं. तिनं लांबूनच माझ्याकडं बघितलं, कानाला हात लावला आणि हसून मान हलवली. मशीनपुढं चप्पल? पाप लागेल, अण्णा. मी पण हसलो.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी शेडमध्ये नव्हतो, समोरच्या हॉटेलात होतो. दुपारचं पाणी मारून झालं होतं. ओरडा ऐकू आला. मी पोचेपर्यंत शेड अंधारी झाली होती आणि बाया दारातून बाहेर पळत होत्या. झालं ते असं. नरसव्वाचा उजवा हात मशीनच्या लोखंडाला चिकटला. ओरडता येईना. शेजारचीला वाटलं बाई वाकून गाठ मारतेय. गुरप्पा शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यानं तिची ताठलेली मान बघितली आणि ओळखलं. तिच्याकडं धावला नाही – धावला असता तर दोघं गेले असते. मेन स्विचकडं धावला आणि मूठ ओढून खाली पाडली. मग ती सुटली आणि ओल्या फरशीवर पडली. श्वास चालू होता. चौघांनी उचलून टांग्यात घातली आणि दवाखान्यात नेली. गुरप्पा बरोबर गेला.

मी गेलो नाही.

इथंच मी थांबतो दरवेळी, मनातल्या मनात सांगतानासुद्धा. शेड रिकामी झाली होती, मेन बंद होता. ती जगली की गेली, हे मला माहीत नव्हतं. आणि मी काय केलं? स्क्रू-ड्रायव्हर काढला. तिसऱ्या मशीनच्या वायरी वरून सोडवल्या आणि परत डब्याच्या खाली, होत्या तिथं जोडल्या. डब्याचा दांडा बोटानं खाली पाडून ठेवला. आणि हात – काय सांगू तुम्हाला – हात जराही थरथरला नाही. माझा हात चांगला आहे म्हणालो ना मघाशी.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना कांडी खात्यात उभं केलं. डब्याचा दांडा पडलेला सगळ्यांनी बघितला. मी मेन चालू केला, दांडा वर केला, बटण दाबलं, टक्. सगळ्यांसमोर. म्हणालो, “डबा पडला म्हणून बाई वाचली, मालक.” गुरप्पा म्हणाला, मेन मी पाडला. त्यावर मी शांतपणे समजावून सांगितलं, की मेन त्यानं पाडला असेल, पण माणसाचा हात पोचायच्या आत डबा पडतो. शास्त्रच आहे ते. यातला शब्द न् शब्द खरा होता, कागदावर तसंच लिहिलं होतं. फक्त त्या दिवशी तिच्या मशीनवर डबा नव्हता.

गुरप्पानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. म्हणाला, “असंल. शास्त्रातलं मला काय कळतंय.”

त्याच्या हातानं एक माणूस वाचवलं होतं, आणि ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं का? नसतं. पण मी थांबलोही नाही. मालकांनी तिसऱ्या मशीनची मोटार उघडून घेतली होती, आतलं वायंडिंग काळंठिक्कर. मालक भले होते, पण त्या दिवशी फार चिडले होते. मोटार एका दिवसात अशी होत नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी मला विचारलं, “ही मोटार खराब आहे हे तुला कुणी सांगितलं होतं का?”

गुरप्पा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं.

मी म्हणालो, “नाही मालक. मला कुणीच काही बोललं नाही.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला वाटलं आता बोलेल, आणि मी काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं – असा मी. पण तो मालकांकडं वळून म्हणाला, “चूक माजीच हाय. मोटार गळतीय म्हाईत असून मशीन बंद ठिवलं न्हाय मी.” माझं नाव घेतलं नाही. जॉबर असून मशीन चालू ठेवलं, म्हणून मालकांनी त्याला कामावरून काढलं. त्यानं पान्हे एका फडक्यात गुंडाळून ठेवले, तिसऱ्या मशीनला हात लावून पाया पडला आणि गेला. सोळा वर्षं होता तो तिथं.

नरसव्वा दोन महिन्यांनी परत आली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, गाठ मारता येईना. मालकांनी तिला चादरींच्या घड्या घालायला बसवलं. दर खंडेनवमीला मशीनांची पूजा असायची, तेव्हा ती आधी डब्याकडं यायची. डावा हात लावायचा नाही म्हणून त्या वाकड्या बोटांनीच डब्याला हळद-कुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची, आणि मग माझ्या पायाला वाकायची. “अण्णा, तुमच्या डब्यानं मला पोरांत ठेवलं.” अकरा खंडेनवम्या. मी पाय मागं घेतला नाही. पहिल्या वर्षी घेतला असता तर दुसऱ्या वर्षी बोलावं लागलं असतं.

गुरप्पा एकदाच भेटला, सहा-सात वर्षांनी, मोडनिंबच्या स्टँडवर. मी एस.टी.तून चहाला उतरलो होतो. मला तो दिसला आणि मी तोंड फिरवलं, हेही सांगून टाकतो. पण त्यानंच हाक मारली, “वो वायरमन!” आणि चहा पाजला. वैरागला एका तेलाच्या घाण्यावर होता तेव्हा. नरसव्वाची चौकशी केली. पोरींची लग्नं झाली का तिच्या? मग म्हणाला, “आमच्या घाण्यावरबी डबा बसवून घेतला मी. मालक न्हाय म्हनत हुता, लई मागं लागलो. म्हनलं, माणसाचा हात पोचायच्या आत पडतो त्यो.”

माझंच वाक्य. त्यानं ते खरं धरून जपून ठेवलं होतं.

बशीतला चहा संपवून तो आणखी एक बोलला. आवाज चढवला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही, गाडीच्या पाटीकडं बघत होता. “आणि मशीनचं काय बी आसलं तर आता कागदावर लिवून देतो मी. तोंडी सांगत न्हाय. सही घेतो.”

कंडक्टरनं घंटी मारली. बोलायला अर्धं मिनिट होतं, आणि अर्धं मिनिट पुष्कळ असतं. मला जे बोलायचं होतं ते पाच शब्दांचं होतं – नरसव्वा तुमच्या हातानं वाचली, गुरप्पा. मी “येतो” म्हणालो आणि गाडीत बसलो.

आता तो नाही. नरसव्वाही नाही, मालकही नाहीत, शेडच्या जागी लग्नाचं कार्यालय झालंय. म्हणजे हे ऐकून कुणाचं काही व्हायचं राहिलेलं नाही, आणि म्हणूनच मी आज बोलतोय, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. बोलायचं धाडस मला सगळी माणसं गेल्यावरच झालं. माझ्या घरात डबा आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून बघतो. टक् होतं. नात विचारते, आजोबा, मधेच लाइट का घालवता? मी म्हणतो, बघावं लागतं.

मालकांनी त्या सकाळी जे विचारलं होतं त्याचं उत्तर एवढंच आहे –

होय मालक. सांगितलं होतं. गुरप्पानं. दोनदा.